सुनेची बोली

"हा कागद तुझ्या कोटात कसा आला, सिसी?"

सिसी म्हणजे ताई; नोम्वुझोने विचारलं ते अगदी हळू आवाजात. पण नोख्वेझीला आपल्या धाकट्या बहिणीचा हळू आवाज चांगला ठाऊक होता... ती ओरडत असली की लवकर निवळायची. आवाज खाली गेला की समजावं, आज काही खरं नाही! टेबलावर मक्याची लापशी निवत होती, बाहेर पोर्ट एलिझाबेथचा तो मेला वारा नेहमीसारखा छपराचे पत्रे वाजवत होता, आणि दोघींच्या मधोमध, साखरेच्या डब्याला टेकून, तो गुलाबी कागद उभा होता. त्याच्यावर एकमेकींचा हात धरलेल्या दोन बायकांचं चित्र, वर सप्तरंगी पट्टा, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'बायकांसाठी लेखनवर्ग आणि एकपात्री प्रयोग. प्राइडच्या आठवड्यासाठी. बाईवर जीव जडलेल्या प्रत्येक बाईने यावं आणि आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगावी.'

नोम्वुझोनेच तिला पळवाटही काढून दिली. टॅक्सीच्या अड्ड्यावर कुणी पोरीने हातात कोंबला असेल, तुला चष्म्याशिवाय धड दिसत नाही, तू घडी करून खिशात टाकला असशील, असं ती एका दमात म्हणाली आणि मोठ्या आशेने बहिणीकडे बघत राहिली. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पस्तीस वर्षं नोख्वेझी अशीच मान हलवत आली होती! पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, तिची मान हलेचना.

"कुणी कोंबला नाही," ती म्हणाली. "मी जाते तिथे. गेले तीन महिने, दर शनिवारी. येत्या शनिवारी दुपारी माझा प्रयोग आहे."

नोम्वुझो मटकन खुर्चीत बसली. शनिवारी आपली बहीण विणकामाच्या वर्गाला जाते असं तिने साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. दर गुरुवारी लाल ब्लाउज, पांढरी कॉलर आणि काळा स्कर्ट घालून प्रार्थनेला जमणाऱ्या आयांच्या मंडळाची ती चिटणीस. तिच्या वहीत कुणाची मुलगी कुणाबरोबर दिसली याची नोंद नसली तरी तिच्या डोक्यात ती पक्की असायची. आता त्या बायांच्या तोंडी आपलंच घर येणार, या विचाराने तिच्या ओठांचा रंग उडाला. बासष्ट वर्षांची तू, ती म्हणाली, आणि त्या पोरींच्या रांगेत उभी राहून लोकांना काय सांगणार आहेस? काय शिल्लक आहे तुझ्याकडे सांगण्यासारखं? कुणासाठी हे सगळं?

मग नोम्वुझो उठली आणि दाराशी जाऊन पाठमोरीच म्हणाली, "तू तिथे उभी राहिलीस, तर तुझी ट्रंक मी बाहेर ठेवीन. देवाशप्पथ ठेवीन."

बोलून गेली आणि लगेच चपापली. पण शब्द मागे घेणं त्या घराण्यात कुणाला जमलं आहे! नोम्वुझोला तर मुळीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, या वयात नोख्वेझीला एवढं हवं तरी काय होतं? नाव नको होतं, टाळ्या नको होत्या. तिला फक्त एवढंच हवं होतं, की आपल्या माणसांतल्या एका तरी माणसाला कळावं... आपण विधवा झालो आहोत.

चार महिन्यांपूर्वी लिंडेल्वा गेली होती. केप टाउनमध्ये गेली आणि पुरायला इथे गावी, न्यू ब्रायटनला आणली. तिच्या माहेरी, मबांडलांच्या अंगणात तंबू पडला, मोठमोठ्या हंड्यांतून मका आणि घेवडा शिजला, चार गल्ल्यांतली माणसं लोटली. नोख्वेझी तंबूच्या अगदी शेवटच्या खुर्चीवर बसली होती. कुणीतरी ओळख करून दिली, ही आमच्या लिंडेल्वाची कारखान्यातली जुनी मैत्रीण. बस्स, जुनी मैत्रीण! तिने मूठभर माती टाकली, हात धुतले, ताटातलं जेवली आणि घरी येऊन बहिणीचे कपडे इस्त्री केले. रडायला तिला हक्कच नव्हता. अंतःकरण पिळवटून निघत होतं, आणि हात मात्र कॉलरची टोकं सरळ करत होते.

दोघी भेटल्या त्या गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात, शेजारशेजारच्या मशीनवर. नोख्वेझी बावीस वर्षांची, आईबाप गेलेले, पदरात चौदा वर्षांची नोम्वुझो. लिंडेल्वा मबांडला तिच्याहून वर्षाने मोठी, हसरी, भारी बडबडी. पहिल्याच आठवड्यात मशीनची सुई लिंडेल्वाच्या अंगठ्यातून आरपार गेली आणि रक्त थांबेपर्यंत नोख्वेझीने तो अंगठा आपल्या मुठीत धरून ठेवला. पुढे तिथलं नख दुभंगूनच वाढलं. वर्षभरात लिंडेल्वा ट्रंक घेऊन नोख्वेझीच्या घरात राहायला आली. गल्लीला सांगितलं, भाडं वाटून घेतो. चार वर्षं... फक्त चार वर्षं नोख्वेझीच्या वाट्याला तेवढं सुख आलं!

मग नोम्वुझोचं लग्न ठरू लागलं. मुलाकडचे मध्यस्थ आले, फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी रीतीप्रमाणे कुळाच्या नावाने हाका मारल्या, आत बसून चहा घेतला, आणि निघताना मुलाच्या काकांनी नोख्वेझीला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, की तुझ्याबद्दल आणि त्या दुसऱ्या बाईबद्दल लोक बोलतात. ती या घरात असेपर्यंत आम्ही परत येणार नाही. आत नोम्वुझो आनंदाने नाचत होती. एकोणीस वर्षांची पोर, त्या मुलावर जीव टाकणारी! नोख्वेझीने तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी लिंडेल्वाची ट्रंक स्वतःच्या हातांनी भरली. लिंडेल्वा भांडली नाही. उलट म्हणाली, तुझ्या जागी मीही हेच केलं असतं. मध्यस्थ परत आले, लग्न झालं, आणि नोम्वुझोला यातलं कधी काही कळलं नाही.

पुढे लिंडेल्वा केप टाउनहून दर डिसेंबरात गावी यायची. चर्चच्या आवारात, सगळ्यांसमोर, दोघी एकमेकींना विचारायच्या, बरी आहेस ना? आहे. तू? मीही आहे. एवढंच. आणि घरी परतताना नोम्वुझो न चुकता म्हणायची, बघितलंस, तुझ्या घरात राहिली, तुझं मीठ खाल्लं, आणि निरोपसुद्धा न घेता निघून गेली. असली कसली ती मैत्रीण! नोख्वेझी ते ऐकून घ्यायची. लिंडेल्वाने दुसरं घर केलं नाही. नोख्वेझीनेही नाही. नोकरी संपल्यावर आणि नोम्वुझोचा नवरा वारल्यावर ती बहिणीच्या घरी, मागच्या खोलीत राहायला आली.

आणि मग तो वर्ग. वाचनालयाच्या मागच्या सभागृहात बारा बाया गोल करून बसायच्या. शिकवणारी बबाल्वा, तिशीतली, डोक्याचे केस पार उतरवलेली, केप टाउनला नाटक शिकून आलेली. बाकीच्या सगळ्या पोरीच म्हणायच्या. एक पोलिसात होती, एक नर्स, एक मुलींच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक, जी आपल्या आईने 'हाच तुझा नवरा' म्हणून चेंडूच कसा ताटासमोर मांडला याची नक्कल करून सगळ्यांना हसवून लोळवायची. नोख्वेझी पहिल्या दिवशी आली तेव्हा त्यांना वाटलं, साफसफाईच्या बाई आल्या. तिने वही काढली तेव्हा गोलरक्षक उठून तिच्यासाठी खुर्ची घेऊन आली. तेव्हापासून ती सगळ्यांची माखुलू, आजी झाली. त्या पोरी इतक्या मोकळेपणाने 'माझी प्रेयसी' म्हणायच्या, की ऐकून तिला आनंदही व्हायचा आणि हेवाही वाटायचा. आपल्या वेळी हा शब्द मोठ्याने म्हणता आला असता तर... पण जाऊ दे.

बबाल्वाने लिहायला सांगितलं होतं, एका सकाळीबद्दल लिहा. नोख्वेझीने दोन पानं लिहिली आणि वाचून दाखवली. 'वरची ऊब खिडकीत आली. मी शिजवणारी चुलीवर चढवली. ती कुंपणाच्या तोंडापर्यंत गेली आणि वळून हसली.'

पोरींना वाटलं, काय गोड कविता आहे! पण नर्स गावाकडची होती. तिने नोख्वेझीला मध्येच थांबवून विचारलं, "माखुलू, तुम्ही कुणाच्या सूनबाई?"

झालं! आमच्याकडे मुलगी लग्न होऊन सासरी गेली, की सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं, त्यांच्याही वरच्यांचं नाव तिच्या तोंडी येता कामा नये. नुसतं नाव नाही, ज्या शब्दात ते नाव वाजतं तो शब्दही नाही. त्याला ह्लोनिफा म्हणतात. सासऱ्याचं नाव लांगा असलं आणि आमच्या भाषेत सूर्यालाही लांगाच म्हणत असले, तर त्या सुनेच्या आयुष्यातून सूर्यच गेला म्हणायचा. तिने त्याला दुसरं काहीतरी म्हणावं. मी त्या घरची सून नाही म्हणून मला एवढं सरळ बोलता येतं. नोख्वेझी सूर्य म्हणत नव्हती. म्बिझा, म्हणजे हंडा, तेही म्हणत नव्हती. सांगो, म्हणजे फाटक, तेही नाही. आणि तिचं तर लग्नच झालं नव्हतं!

नोम्वुझोला वाटायचं, आपल्याला आजीने वाढवलं, आजीची बोली सिसीच्या जिभेवर राहिली. तसं तिने लोकांनाही सांगितलं होतं. आजीच्या सासऱ्याचं नाव वेगळंच होतं, हे मात्र तिच्या कधी ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी नोख्वेझीने पहिल्यांदा सांगितलं. लांगा मबांडला हे लिंडेल्वाचे वडील, म्बिझा आजोबा, आणि सांगो पणजोबा. एका रविवारी दोघी घेवडा निवडत बसल्या असताना लिंडेल्वा थट्टेने म्हणाली होती, आमच्या घरची सून व्हायचंय ना तुला, मग बोलायला शीक. आणि तिने ती तीन नावं कानात सांगितली होती. सांगोचं नाव तर घरच्या माणसांखेरीज कुणाला माहीतही नव्हतं. संध्याकाळपर्यंत थट्टा चालली. नोख्वेझी चुकली की लिंडेल्वा तिला घेवड्याचा दाणा फेकून मारायची. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या वाटेवर नोख्वेझीने मुद्दाम न ठरवता 'वरची ऊब' म्हटलं, आणि लिंडेल्वा हसायची थांबली. तेव्हापासून आजपर्यंत ते तीन शब्द नोख्वेझीच्या तोंडून गेले नव्हते.

बबाल्वाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. पण ती पडली नाटकाची माणूस! आठवड्याभरात तिने प्रयोगाचा शेवटही बसवून टाकला. माखुलूने शेवटी पुढे यायचं, दोन्ही हात वर करायचे आणि सासऱ्याचं ते नाव तीनदा मोठ्याने उच्चारायचं. इतक्या वर्षांचं कुलूप उघडायचं. मग सगळं सभागृह तिच्याबरोबर तेच नाव म्हणेल. प्राइड म्हणजे तरी दुसरं काय, लपवलेलं बोलून टाकणं! पोरींनी टाळ्या वाजवल्या. नोख्वेझी मात्र खुर्चीवरून उठेना.

"पोरी, तुमचं बरोबर असेल," ती म्हणाली. "पण मला कुणी अंगठी घातली नाही. माझ्यासाठी मध्यस्थ आले नाहीत. हे तीन शब्द न बोलणं, एवढंच माझं लग्न. ते बोलून टाकलं तर मी तिची कोण राहिले?"

बबाल्वाने आपल्या वहीतला तो शेवट खोडला.

एक गोष्ट नोख्वेझीने स्वतःही काढून टाकली. लिंडेल्वा का गेली, ती मध्यस्थांची आणि काकांची हकीकत, तिने सहा पानं भरून लिहिली होती. बबाल्वा म्हणायची, हेच तर सगळ्यात जोरकस आहे. गुलाबी कागदाचं प्रकरण झालं त्याच दुपारी नोख्वेझीने ती सहा पानं फाडून चुलीत घातली. नोम्वुझो तिला घराबाहेर काढणार होती, कबूल. पण आपल्या सुखाच्या संसाराखाली काय गाडलेलं आहे हे त्या पोरीला भर सभेत कळावं? नाही, नाही... ते नोख्वेझीच्या जिवाला कदापि सोसलं नसतं.

शनिवार उजाडला. नोम्वुझो सकाळपासून तिच्याशी बोलली नाही. नोख्वेझी निघाल्यावर मात्र तिला चैन पडेना. लाज तर होतीच, पण त्याहून मोठी भीती ही, की लोक आपल्या बहिणीला हसतील. तिने गुरुवारचा लाल ब्लाउज शनिवारी चढवला आणि सरळ नोसाखेलेबाईंचं घर गाठलं. नोसाखेले मंडळाच्या अध्यक्ष, सत्तरीच्या, गुडघेदुखीने काठी टेकत चालणाऱ्या, पण आवाज असा की पाद्रीसुद्धा दबकून असायचा. तुम्ही चला, नोम्वुझो म्हणाली, तुमचा शब्द सिसी मोडणार नाही. सुरू व्हायच्या आत तिला घरी घेऊन येऊ. नोसाखेले या मबांडलांच्या थोरल्या सून, लिंडेल्वाच्या भावाची बायको, हे नोम्वुझोला माहीत होतं. पण त्याचा इथे काही संबंध असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

दोघी पोचल्या तेव्हा गोलरक्षकाची नक्कल नुकतीच संपली होती. सभागृह खचाखच भरलं होतं, खांबांना सप्तरंगी कापड गुंडाळलेलं, लोक अजून डोळे पुसत हसत होते. दोघी लाल ब्लाउजवाल्या मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. आणि पुढे येऊन बसली ती नोख्वेझी. फक्त एक खुर्ची, मांडीवर परात, परातीत घेवडा. ती निवडू लागली आणि बोलू लागली.

नोम्वुझो पुढे जायला निघाली. इतक्यात नोख्वेझी म्हणाली, वरची ऊब खिडकीत आली. पुढच्या रांगेतल्या शहरी पोरी खुदकन हसल्या. मागच्या म्हाताऱ्यांनी मात्र कान टवकारले, कारण ही कुणाची तरी सून बोलते आहे हे त्यांना तत्काळ कळलं. नोसाखेलेने नोम्वुझोचं मनगट पकडलं.

मग हंड्याला 'शिजवणारी' आलं. मग फाटकाला 'कुंपणाचं तोंड'. पन्नास वर्षं नोसाखेले जे शब्द घरात बोलत होत्या, नेमके तेच शब्द, जसेच्या तसे! पहिल्यांदा त्यांच्या मनात काय आलं असेल? आपल्या नवऱ्याने ही दुसरी कधी केली होती! त्या काठीवर रेलल्या; नवरा समोर असता तर त्या क्षणी त्याची धडगत नव्हती. आणि पुढे नोख्वेझी त्या अंगठ्याबद्दल बोलू लागली. सुई आरपार गेलेला, दुभंगलेल्या नखाचा डावा अंगठा, जो घेवडा निवडताना नेहमी वर राहायचा, जो चार वर्षं आपल्या तळहातात झोपायचा. चार महिन्यांपूर्वी, पुरण्याआधी, नोसाखेलेने स्वतः आपल्या नणंदेला आंघोळ घातली होती. तो अंगठा त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला होता.

नोसाखेले भिंतीला टेकून हळूहळू खाली, जमिनीवरच बसल्या. नोम्वुझोला काही कळेना. ती नुसती बहिणीकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, लोक हसतील. पण मघाशी हसलेल्या पोरी आता पुढे झुकून ऐकत होत्या. शेवटी नोख्वेझीने परात खाली ठेवली आणि म्हटलं, "ती गेली. तिच्या पुरण्याला मी पाहुणी होते. नवरा गेला की बाईला काळे कपडे मिळतात, चटई मिळते, महिनाभर कुणी तिला हसायला सांगत नाही. मी घरी येऊन इस्त्री केली. मला कुणी विचारू नका तिचं नाव काय, तिच्या बापाचं नाव काय. मी त्या घरची सून आहे. मी सांगू शकत नाही."

आणि ती उठून आत गेली. मग गोलरक्षक उभी राहिली, मग सगळं सभागृह उभं राहिलं, आणि त्या टाळ्यांचा कडकडाट आत खुर्चीवर एकटीच बसलेल्या नोख्वेझीला ऐकू येत राहिला. पोरींनी तिला मिठ्या मारल्या, केक कापला, गळ्यात सप्तरंगी पट्टा घातला. ती त्यांच्यासाठी हसली. पण बोलताना जिथे तिला ते दोन लाल ब्लाउज दिसले होते त्या मागच्या भिंतीशी तिचे डोळे गेले, तर तिथे कुणी नव्हतं.

ती घरी आली तेव्हा ट्रंक बाहेर नव्हती. ताट झाकून ठेवलेलं होतं. पण नोम्वुझोच्या खोलीचं दार बंद. रविवारी बंद, सोमवारी बंद. घरात असूनही ती नोख्वेझीच्या वाऱ्याला उभी राहीना, समोर आली तर नजर खाली. मंगळवारी ती कुठेशी जाऊन आली आणि पुन्हा दार लावून घेतलं. अरे, ओरडली असती तरी चाललं असतं! शिव्या दिल्या असत्या तरी घर भरल्यासारखं वाटलं असतं. एकाच छपराखाली दोघी बहिणी, आणि मधे हे असं वैराण वाळवंट... नोख्वेझीला वाटलं, लिंडेल्वा तर गेलीच, आता हीही गेली. सगळं सांगून टाकायच्या हौसेपायी आपण आपलं शेवटचं माणूस घालवून बसलो. बुधवारी तिने स्वतःच आपली ट्रंक भरली. नर्सच्या घरामागे एक खोली रिकामी होती.

गुरुवारी दुपारी ती ट्रंकेची कडी लावत असताना नोम्वुझो दारात येऊन उभी राहिली. गुरुवार असून अंगात लाल ब्लाउज नव्हता. डोळे सुजून लाल झाले होते.

"माझ्या लग्नाच्या बोलणीला ते लोक एकदा येऊन परत गेले होते," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा आले, तेव्हा लिंडेल्वा घरात नव्हती."

नोख्वेझीचे हात थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

"नोसाखेलेने. शनिवारी परतताना वाटेत. माझ्या लग्नापायी तिला जावं लागलं, एवढं त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त मलाच नाही." तिचा आवाज फुटला. "मी दर डिसेंबरात तिला नावं ठेवली, सिसी. तुझ्या तोंडावर. आणि तू ऐकून घेतलंस. प्रयोगातसुद्धा माझं नाव घेतलं नाहीस. का गं?"

"तुझा संसार सुखाचा झाला ना," नोख्वेझी म्हणाली. "मग झालं तर."

नोम्वुझो तिच्या पायाशी कोसळली. थोरल्या बहिणीच्या मांडीत तोंड खुपसून ती लहानपणी रडायची तशी हमसून हमसून रडली, आणि नोख्वेझी तिच्या पांढऱ्या झालेल्या केसांतून हात फिरवत राहिली. पण स्वतः रडली नाही. इतक्या वर्षांत तिचं रडूच कुठेतरी अडकून बसलं होतं.

इतक्यात बाहेरून हाक आली. फाटकाबाहेर उभं राहून कुणीतरी या घराच्या कुळाचं नाव घेऊन, रीतीप्रमाणे, सावकाश हाका मारत होतं. नोख्वेझीने चमकून बघितलं. नोम्वुझोने डोळे पुसले आणि म्हणाली, "मी मंगळवारी त्यांच्याकडे जाऊन आले. आत बोलवते त्यांना."

मबांडलांच्या तीन बायका आत आल्या. पुढे काठी टेकत नोसाखेले, मागे त्यांच्या दोन्ही धाकट्या चुलत जावा, तिघींच्या खांद्यांवर शाली. एकीच्या हातात गुंडाळलेली चटई, दुसरीच्या हातात कपड्यांचं गाठोडं. त्यांनी मागच्या खोलीतल्या कोपऱ्यात चटई पसरली. नोसाखेले काठी बाजूला ठेवून, कण्हत कण्हत, नोख्वेझीसमोर जमिनीवर बसल्या.

"उशीर झाला आम्हाला," त्या म्हणाल्या. "सासरच्यांनी पहिल्याच आठवड्यात यायचं असतं. पण आमच्या घरात अजून एक सून आहे हे आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. बैस, जाऊबाई. चटईवर बैस."

नोख्वेझी बसली. नोसाखेलेने गाठोडं सोडलं. काळा झगा, काळी शाल, डोक्याला बांधायचा काळा रुमाल. विधवेला कपडे चढवायचे ते सासरच्या बायकांनीच. तो मान दुसऱ्या कुणाचा नाही. तिघींनी मिळून तिला झगा घातला, आणि नोसाखेले शाल पिनेने अडकवू लागल्या, पण त्यांच्या म्हाताऱ्या बोटांना ती पिन लागेना. शेवटी त्यांनी ती पिन नोम्वुझोच्या हातात दिली. नोम्वुझोने बहिणीच्या छातीवर ती शाल नीट बसवली आणि पिन लावली.

मग नोख्वेझीने जो हंबरडा फोडला तो साऱ्या गल्लीने ऐकला. किती वर्षांचं होतं ते, काय सांगू! चार महिन्यांचं नव्हे, पस्तीस वर्षांचं... भिंती फोडून बाहेर जाणारं ते रडणं ऐकून समोरच्या घरातल्या बाया धावत आल्या. प्रार्थनेहून परतणाऱ्या चौघीजणी, लाल ब्लाउज, पांढरी कॉलर, हातांत पिशव्या, फाटकाशी थबकल्या. त्यांतली एक पुढे झाली आणि दारात उभ्या असलेल्या नोम्वुझोला घाबऱ्या घाबऱ्या विचारू लागली, काय झालं, तुमच्याकडे कोण गेलं?

नोम्वुझोने त्या चौघींकडे पाहिलं. याच बायांसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू, या धास्तीने तिने बहिणीची ट्रंक बाहेर ठेवायची शपथ घेतली होती. तिने मान वर केली.

"माझी बहीण विधवा झाली," ती म्हणाली, आतल्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "तिची लिंडेल्वा गेली."

मग त्या बाईने हातातली पिशवी दाराशी ठेवली, चपला काढल्या, डोक्यावरून शाल ओढून घेतली, आणि आत जाऊन चटईच्या कडेला बसली.